नेमले कोणी, एवढ्यावरून न्यायाधीश कळत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील फेडरल, म्हणजे केंद्राच्या न्यायालयांतील, न्यायाधीशांवरचा आपला गेल्या आठवड्यातील अग्रलेख वाचला. राष्ट्राध्यक्ष न्यायाधीश नेमतो, सिनेट मंजुरीचा शिक्का मारते आणि पुढे जन्मभर तो न्यायाधीश नेमणाऱ्या पक्षाची री ओढतो, असा त्याचा एकूण सूर. निकालपत्र वाचण्याची तसदी कशाला घ्यायची, नेमणूक कोणी केली एवढे पाहिले की भागते, असेही आपण लिहिले आहे. मी अलाबामा राज्याच्या राजधानीत, माँटगोमेरीत राहते. इथल्या एका कॉलेजात गणित शिकवत होते, आता निवृत्त आहे. वकिलीशी माझा काडीचा संबंध नाही. पण आमच्या गावातल्या फेडरल न्यायालयाच्या इमारतीला ज्या माणसाचे नाव दिले आहे, त्याची हकीकत आपल्या अग्रलेखात काही केल्या बसत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. लांबला तर कात्री आपल्या हाती आहेच.

फ्रँक मिनिस जॉन्सन, धाकटे. जन्म ३० ऑक्टोबर १९१८, उत्तर अलाबामातल्या विन्स्टन काउंटीत. हा भाग डोंगराळ, जमीन हलकी, गुलाम राबवण्याइतकी मोठी शेती जवळपास नाहीच. यादवी युद्धाच्या सुमारास अलाबामा संघराज्यातून फुटून निघाले तेव्हा इथल्या लोकांनी त्याला विरोध केला. 'विन्स्टनचे स्वतंत्र राज्य' हे टोपणनाव त्या काउंटीला चिकटले ते तेव्हापासून. अख्खे दक्षिण डेमोक्रॅटिक पक्षाच्या मागे असताना हा कोपरा लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाला धरून राहिला. जॉन्सन यांचे घराणेही त्यातलेच. १९४३ मध्ये त्यांनी अलाबामा विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, पायदळात गेले, नॉर्मंडीत जखमी झाले, परत येऊन जॅस्पर नावाच्या छोट्या गावात वकिली सुरू केली. १९५२ च्या निवडणुकीत आयझेनहॉवर यांच्यासाठी राज्यातल्या माजी सैनिकांची मोट बांधली. आयझेनहॉवर निवडून आले. १९५३ मध्ये जॉन्सन उत्तर अलाबामाचे फेडरल सरकारी वकील झाले आणि १९५५ च्या शरद ऋतूत माँटगोमेरीचे न्यायाधीश. वय ३७. त्या वेळी देशात त्यांच्याहून तरुण फेडरल न्यायाधीश नव्हता.

आपल्या हिशेबाने पाहिले तर हे उघड उघड बक्षीस. ते बक्षीसच होते, मी नाकारत नाही. पक्षाचा माणूस, पक्षाने दिलेले पद.

त्यांनी नोव्हेंबरमध्ये शपथ घेतली आणि १ डिसेंबरला त्याच गावात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंना, गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडली नाही म्हणून अटक झाली. कृष्णवर्णीयांचा बसवर बहिष्कार सुरू झाला. फेब्रुवारी १९५६ मध्ये वकील फ्रेड ग्रे यांनी चार कृष्णवर्णीय बायकांच्या वतीने फेडरल न्यायालयात दावा लावला. ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडॉनल्ड, क्लॉडेट कोल्विन आणि मेरी लुईस स्मिथ ही त्यांची नावे. यांतल्या शेवटच्या दोघी तर अजून वयाची विशीही न ओलांडलेल्या. रोझाबाई या दाव्यात नव्हत्या, हे इथल्याही पुष्कळांना ठाऊक नसते. राज्याचा कायदा घटनेविरुद्ध आहे असा दावा असला, की तो त्या काळी एकट्या न्यायाधीशापुढे न चालता तिघांच्या खंडपीठापुढे चाले. त्यामुळे जॉन्सन यांच्या जोडीला दोघे बसले, अपील न्यायालयाचे रिचर्ड राइव्ह्ज आणि बर्मिंगहॅमकडचे सीबोर्न लिन. ५ जून १९५६ ला दोन विरुद्ध एक असा निकाल लागला : बसमध्ये रंगावरून जागा ठरवणे बेकायदा. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि डिसेंबरात बस खुल्या झाल्या.

आता गणिताची शिक्षिका म्हणून सांगते, आपले सूत्र इथे लावून पाहा. राइव्ह्ज आणि लिन दोघेही डेमोक्रॅट, दोघेही अलाबामाचे, दोघांनाही नेमले ट्रुमन यांनी. त्यांतला एक वर्णभेदाच्या विरोधात उभा राहिला, दुसऱ्याने विरोधी निकालपत्र लिहिले. आणि आयझेनहॉवर यांचा बक्षीसपात्र रिपब्लिकन ट्रुमन यांच्या माणसाच्या बाजूला जाऊन बसला. कोणत्याही बाजूने सुरुवात करा, उत्तर जुळत नाही.

आजकाल चित्र बदलले आहे असे आपण म्हणाल. काही अंशी खरे आहे. इथली वृत्तपत्रेसुद्धा न्यायाधीशाच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन 'अमुक राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले' असे छापतात, आणि नेमताना उमेदवाराची मते पूर्वीपेक्षा बारकाईने चाळली जातात यात शंका नाही. सर्वोच्च न्यायालयाबाबत तर मी आपल्याशी फारसा वाद घालणार नाही. पण आपण सगळ्यांना एकाच तागडीत टाकले. देशात फेडरल जिल्हा न्यायालये ९४ आहेत, त्यांतले न्यायाधीश सहाशेहून अधिक. त्यांचे दिवसाचे काम वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयातल्या नऊ जणांसारखे नसते. ते साक्षीदाराच्या तोंडाकडे बघत बसतात. पुरावा काय, कोण खरे बोलले, कागदावर तारीख कोणती, हे तेच ठरवतात. वरचे न्यायालय कायदा तपासते, पण घडले काय याची जी नोंद खालून आली तिला सहसा हात लावत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. नागरिकत्व मिळाल्यानंतर मला फेडरल न्यायालयाचे ज्युरीचे समन्स आले. दिवसाला ४० डॉलर भत्ता मिळे, आणि कॉलेजला रजेचा अर्ज द्यावा लागला. दावा अगदी साधा होता. गोदामातल्या एका उतारवयातल्या कामगाराला काढून टाकले होते, वयामुळे काढले असे त्याचे म्हणणे, कामात चुका होत्या असे मालकाचे. आम्ही आठजण आत शिरलो की कोर्टातले सगळे उभे राहत, आमचे न्यायाधीशही. पहिल्या दिवशी मला ते भारी अवघडल्यासारखे झाले. साक्ष देताना तो कामगार घाबरून नुसती मान हलवायचा. न्यायाधीश दर वेळी थांबवून शांतपणे सांगायचे, "तोंडाने हो किंवा नाही म्हणा, लघुलेखिकेला मान टिपता येत नाही." एका मुकादमाने 'मला कोणीतरी सांगितले' अशी सुरुवात केली, तर त्याला तिथेच रोखले आणि आम्हाला बजावले की आत्ता कानांवर पडले ते विसरा. ऐकलेले विसरायचे कसे, ते मला अजून जमलेले नाही. पण पुढे चर्चेच्या खोलीत कोणी ते वाक्य काढलेच तर बाकीचे लगेच म्हणत, ते धरायचे नाही. हजेरीपटाच्या छायाप्रती आम्ही टेबलावर पसरल्या, पेन्सिलीने तारखा जुळवल्या आणि दोन गट पडले. एकमत होईना. फेडरल दिवाणी दाव्यातसुद्धा ज्युरीचे एकमत लागते. आम्ही चिठ्ठी लिहून बाहेर पाठवली. न्यायाधीशांनी आम्हाला परत बोलावून एक सूचना वाचून दाखवली. तिचा आशय असा : दुसऱ्याचे म्हणणे पुन्हा ऐका, आपले मत पुन्हा तपासून बघा, पण मनाला पटत नसताना निव्वळ घरी जायची घाई म्हणून मत बदलू नका. पुन्हा आत गेलो आणि संध्याकाळपर्यंत निर्णय झाला. काय झाला ते इथे महत्त्वाचे नाही. त्या न्यायाधीशांना कोणी नेमले होते हे मला पुष्कळ नंतर कळले, आणि त्याने त्या दाव्यात काय फरक पडला असता हे मला आजही सांगता येणार नाही.

त्या सूचनेला इथले वकील 'डायनामाइट' म्हणतात, अडलेली ज्युरी मोकळी करणारी म्हणून. डिसेंबर १९६५ मध्ये हीच तऱ्हा जॉन्सन यांच्यापुढे झाली होती. व्हायोला लियुझो ही डेट्रॉइटची पाच मुलांची आई. कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी निघालेल्या सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाच्या अखेरच्या रात्री मोर्चेकऱ्यांना गाडीतून पोचवण्याचे काम करत असताना कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेच्या माणसांनी तिला गोळ्या घातल्या. खून हा राज्याचा गुन्हा, त्यामुळे खटला आधी राज्याच्या न्यायालयात गेला. एकदा ज्युरीचे एकमत झाले नाही, दुसऱ्यांदा मुख्य आरोपी निर्दोष सुटला. मग फेडरल सरकारने तिघांवर नागरी हक्क पायदळी तुडवण्याच्या कटाचा आरोप ठेवला, यादवी युद्धानंतरच्या काळातल्या एका जुन्या कायद्याखाली. ज्युरीवर सगळे गोरे, सगळे पुरुष. आमचे एकमत होत नाही असे त्यांनी कळवले. जॉन्सन यांनी त्यांना परत आत पाठवले. तिघेही दोषी ठरले आणि कायद्याने देता येत होती तेवढी, दहा वर्षांची शिक्षा त्यांना झाली.

ज्युरीवर सगळे पुरुष का, तर अलाबामाच्या राज्य न्यायालयांत तोवर बाईला ज्युरीवर बसायला कायद्यानेच मनाई होती, आणि फेडरल न्यायालयाच्या याद्याही फार वेगळ्या नसत. फेब्रुवारी १९६६ मध्ये तीन न्यायाधीशांच्या ज्या खंडपीठाने राज्याचा तो कायदा मोडीत काढला, त्यात जॉन्सन होते.

त्यांच्या न्यायदालनाच्या गोष्टी गावात अजून सांगतात. झगा क्वचित घालत, हातोडा वापरतच नसत म्हणे. न्यायाधीशाला कोर्ट ताब्यात ठेवायला झगा आणि हातोडा लागत असेल तर काहीतरी चुकते आहे, अशी त्यांची समजूत. चष्म्यावरून नुसते बघितले तरी वकिलाच्या तोंडचे वाक्य अर्धे राही. तंबाखू चघळायची सवय होती, आणि घरी सुतारकाम करून उंच लंबकाची घड्याळे बनवण्याचा नाद.

आता सेल्माचे सांगते, कारण आपण लिहिले आहे की असे न्यायाधीश 'आपल्या माणसांसाठी' निकाल देतात. ७ मार्च १९६५, रविवार. सेल्माच्या पुलावर राज्य पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना लाठ्यांनी झोडपले, अश्रुधूर सोडला. दुसऱ्याच दिवशी मोर्चेवाल्यांचे वकील जॉन्सन यांच्याकडे आले : पोलिसांना आवरा आणि आम्हाला उद्या निघू द्या. जॉन्सन काय म्हणाले? दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय हुकूम नाही, आणि सुनावणी संपेपर्यंत मोर्चाही नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर त्यांनी मनाई लावली! पुलापर्यंत जाऊन, प्रार्थना करून किंग यांना लोकांसह मागे फिरावे लागले. चळवळीतले तरुण त्या वेळी जॉन्सन यांच्यावर जाम भडकले होते. मग रीतसर सुनावणी झाली, साक्षी झाल्या, टीव्हीच्या कॅमेऱ्याने त्या रविवारी टिपलेले चित्रीकरण न्यायालयात पडद्यावर दाखवले गेले. मोर्चाचा तपशीलवार आराखडा त्यांनी मागवला : रोज किती मैल, मुक्काम कुठे, जेवण कोण देणार. हुकूम काढला तर त्याची अंमलबजावणी होईल ना, याची वॉशिंग्टनहून खात्री करून घेतली. १७ मार्चला परवानगी दिली. त्या निकालातले तत्त्व असे, की रस्त्यावर उतरण्याचा हक्क किती, हे ज्या अन्यायाविरुद्ध उतरायचे तो केवढा यावरून ठरावे, आणि इथे अन्याय प्रचंड आहे. पण त्याच हुकुमात, महामार्ग जिथे दोन पदरी होतो तिथे तीनशेहून जास्त माणसे चालणार नाहीत, हीसुद्धा अट आहे. २१ तारखेला मोर्चा निघाला, २५ ला आमच्या गावात पोचला. विधानभवनासमोर तेव्हा सुमारे २५ हजार माणसे होती.

वर्णभेदाचे कट्टर समर्थक गव्हर्नर जॉर्ज वॉलेस हे या सगळ्यातले दुसरे पात्र. जॉन्सन आणि ते एकाच विद्यापीठात, एकाच काळात कायदा शिकले, चांगली ओळख होती. वॉलेस १९५८-५९ मध्ये राज्याचे न्यायाधीश असताना मतदार नोंदणीचे दप्तर फेडरल नागरी हक्क आयोगाला द्यायला तयार होईनात. जॉन्सन यांनी हुकूम दिला. जॉन्सन यांनीच पुढे सांगितलेली आठवण अशी, की वॉलेस एका रात्री त्यांच्या घरी आले आणि थोड्याशा तुरुंगवासावर भागेल का, त्याने निवडणुकीत बरे पडेल, असे सुचवू लागले. थोडक्यात भागणार नाही, असे उत्तर मिळाले. वॉलेस यांनी गुपचूप दप्तर दुसऱ्या वाटेने आयोगाच्या हाती पडू दिले आणि बाहेर भाषणे ठोकली की मी झुकलो नाही. जॉन्सन यांनी खुल्या न्यायालयात नोंदवले की या गृहस्थांनी आडवळणाने का होईना हुकूम पाळला आहे, म्हणून अवमान झालेला नाही. तुरुंगात टाकण्यापेक्षा हे वॉलेस यांना जास्त झोंबले असावे. ते जॉन्सन यांना जाहीर सभांतून खोटारडे म्हणत फिरले, आणि १९६२ मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आले.

जॉन्सन संत नव्हते, आणि त्यांच्या चुका झाल्या. टस्कीगी गावाची हद्द राज्याने वेडीवाकडी, २८ बाजूंची आखून जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय मतदार गावाबाहेर काढले, तेव्हा तो दावा त्यांनी फेटाळला होता. हद्द ठरवणे विधिमंडळाचे काम, न्यायालयाला त्यात अधिकार नाही, असे त्यांना वाटले. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मला हे उदाहरण मुद्दाम द्यायचे आहे. तेव्हाचा कायदा त्यांना जसा दिसला तसा त्यांनी लावला. आपल्या मनासारखे निकाल देत सुटलेला माणूस इथे अडखळला नसता.

पण सगळ्यात जास्त मी ज्या प्रकरणाबद्दल वाचले, ते बसचे नाही आणि मोर्चाचेही नाही. ते वेड्यांच्या इस्पितळाचे. टस्कालूसा गावात ब्राइस नावाचे राज्याचे मनोरुग्णालय होते, त्यात तेव्हा पाच हजारांच्या आसपास माणसे. सिगारेटवरच्या कराचे उत्पन्न घटले म्हणून १९७० मध्ये राज्याने तिथल्या शंभरेक कर्मचाऱ्यांना घरी बसवले. कर्मचारी न्यायालयात आले, सोबत रिकी वायट नावाच्या एका तरुण रुग्णाच्या नावानेही दावा दाखल झाला. जॉन्सन यांनी नोकऱ्यांचा मुद्दा बाजूला सारला आणि भलताच प्रश्न विचारला : या माणसांना त्यांच्या मर्जीविरुद्ध उपचारासाठी म्हणून इथे कोंडले आहे, तर उपचार होतो आहे का? पुरावे येत गेले. रुग्णामागे जेवणावर दिवसाला ५० सेंटही खर्च होत नव्हते. मतिमंदांसाठीच्या शेजारच्या संस्थेत एका रुग्णाला, तो बोटे चोखतो म्हणून, वर्षानुवर्षे हात बांधणारा अंगरखा घालून ठेवले होते. नऊ वर्षे.

१९७१ मध्ये जॉन्सन म्हणाले, उपचार करणार नसाल तर कोंडण्याचा अधिकार नाही. राज्याला त्यांनी सुधारण्याची मुदत दिली. काही हलले नाही. मग एप्रिल १९७२ मध्ये त्यांनी जो हुकूम काढला तो वाचताना मला आधी हसू आले आणि मग आले नाही. एका खोलीत सहापेक्षा जास्त रुग्ण नकोत. प्रत्येकाला किमान ८० चौरस फूट. आठ जणांमागे एक संडास, पंधरा जणांमागे एक न्हाणी. खोलीचे तापमान ६८ ते ८३ अंश फॅरेनहाइट. अडीचशे रुग्णांमागे डॉक्टर किती, परिचारिका किती, स्वयंपाकी किती. फेडरल न्यायाधीशाने संडास मोजायचे का, असे त्या वेळी पुष्कळांनी विचारले. आणि तो प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. न्यायाधीशाला कोणी निवडून दिलेले नसते, कर लावण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही, आणि तरी राज्याच्या तिजोरीतले कोट्यवधी डॉलर कुठे जावेत हे तो अशा हुकुमाने अप्रत्यक्षपणे ठरवतो. मलाही हे पहिल्यांदा खटकले. पण मग वाटते, राज्यघटनेतला हक्क नुसता घोषित करून हात झटकले असते तर तो बोटे चोखणारा माणूस त्या अंगरख्यातच राहिला असता. मोजल्याशिवाय पाळले की नाही हे कळणार कसे? माझे तरी गणितच असे आहे.

हे प्रकरण चालले ३३ वर्षे. २००३ मध्ये ते मिटले तेव्हा जॉन्सन हयात नव्हते. ते मिटवणारे न्यायाधीश मायरन थॉम्पसन हे टस्कीगीचे, कृष्णवर्णीय. १९७९ मध्ये जॉन्सन अपील न्यायालयात गेल्यावर जी जागा रिकामी झाली, तीच थॉम्पसन यांना मिळाली. जॉन्सन यांच्या तुरुंगांविषयीच्या १९७६ च्या निकालाबद्दलही लिहिण्यासारखे खूप आहे. तिथेही कोठडी किमान ६० चौरस फुटांची हवी, असे मोजमाप आहेच. पण पत्राला मर्यादा असते.

आता माझा मूळ मुद्दा. वॉशिंग्टनचे नऊजण निकाल देतात आणि घरी जातात. ज्याच्या विरोधात निकाल गेला तो त्यांना बाजारात भेटत नाही. जिल्हा न्यायाधीशाचे तसे नसते. कायद्याप्रमाणे त्याने आपल्याच जिल्ह्यात राहायचे असते, आणि आपल्याकडच्यासारखी तीन-चार वर्षांनी बदली त्याच्या नशिबात नसते. जॉन्सन माँटगोमेरीतच राहिले, म्हणजे ज्यांच्या शाळा, बस, मतदारयाद्या आणि तुरुंग त्यांनी बदलायला लावले त्यांच्या शेजारात. त्यांच्या अंगणात क्रॉस जाळला गेला, ही क्लॅनची धमकीची खूण. १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला. आई तेव्हा घरातच होत्या, पण सुदैवाने वाचल्या. धमकीचे फोन आणि पत्रे तर नित्याची, घरावर मार्शलचा, म्हणजे फेडरल न्यायालयाच्या पोलिसांचा, पहारा. त्यांचे सहकारी राइव्ह्ज यांचा मुलगा अपघातात गेला होता, त्याच्या थडग्याची विटंबना झाली. पुढे १९८९ मध्ये अपील न्यायालयातले त्यांचे सहकारी रॉबर्ट व्हान्स टपालाने घरी आलेल्या बॉम्बने मारले गेले, तेही अलाबामातच. जॉन्सन यांचा एकुलता दत्तक मुलगा १९७५ मध्ये वारला. त्यावर इथे काही लिहावेसे वाटत नाही.

माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एक गोऱ्या बाई याच गावात वाढल्या. त्यांच्या लहानपणी घरात जॉन्सन हे नाव शिवीसारखे घेतले जाई. "आमच्या वडिलांना ते कोणत्या पक्षाचे हे माहीत नव्हते," त्या एकदा डबा खाता खाता म्हणाल्या, "इथल्या मातीतला माणूस असून आपल्यावर उलटला, एवढेच माहीत होते." नेमणाऱ्या पक्षाचा हिशेब त्या घरात कोणी मांडला नव्हता. आणि याच माणसाचे नाव १९९२ मध्ये याच गावातल्या न्यायालयाला दिले गेले, ते हयात असताना. क्लिंटन यांनी १९९५ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक दिले. २३ जुलै १९९९ रोजी ते गेले.

कार्टर यांनी १९७७ मध्ये त्यांना एफबीआयच्या प्रमुखपदासाठी निवडले होते, हेही सांगायला हवे. कार्टर डेमोक्रॅट. पोटातल्या रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रियेमुळे जॉन्सन यांनी नाव मागे घेतले. म्हणजे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाने न्यायाधीश केले, डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षाने अपील न्यायालयात चढवले, आणि अलाबामातले दोन्ही पक्षांचे लोक आलटून पालटून रागावले. आपल्या अग्रलेखातल्या तक्त्यात त्यांना कोणत्या रकान्यात टाकणार?

माझी विनंती एवढीच : पुढच्या वेळी अमेरिकेतल्या एखाद्या जिल्हा न्यायाधीशाने सरकारचा हुकूम अडवला किंवा उचलून धरला अशी बातमी आली, तर नेमणूक कोणाची हे अवश्य छापा, पण त्याबरोबर साक्षीदार कोण होते, सरकारने कोणता कागद दाखवला आणि कोणता दाखवता आला नाही, हेही छापा. निकालपत्रे न्यायालयांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. पहिली दहा-पंधरा पाने बहुधा घडलेल्या गोष्टींचीच असतात आणि ती वाचायला वकील असावे लागत नाही.

जाता जाता दोन दुरुस्त्या. फेडरल न्यायाधीश ६५ व्या वर्षी निवृत्त होतात असे अग्रलेखात आहे. तसे नाही. निवृत्तीचे वय मुळात नाहीच. ६५ वर्षे वय आणि १५ वर्षे सेवा झाली असेल तर पूर्ण पगारावर 'सीनियर' न्यायाधीश होऊन हवे तितके काम घेता येते, एवढेच. जॉन्सन यांनी तसे केले ते १९९१ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षाच्या आसपास. आणि अशा न्यायाधीशांना कोणीच हटवू शकत नाही, हेही बरोबर नाही. प्रतिनिधीगृहाने महाभियोग चालवून सिनेटने दोषी ठरवले तर पद जाते, आणि आजवर आठ न्यायाधीशांचे तसे गेले आहे.

आपली,
एक वाचक
माँटगोमेरी, अलाबामा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)